विरघळणारा स्क्रू आणि त्याच्यावरचा लेप

"पायात रॉड टाकलाय", "हातात प्लेट आहे" असं सांगणारं आपल्या ओळखीत कुणी ना कुणी असतंच. गाडीवरून पडलेलं, बाथरूममध्ये घसरलेलं, शेताच्या बांधावरून पाय निसटलेलं. कारण काहीही असो, मोडलेलं हाड सरळ बसवायचं आणि ते जुळेपर्यंत हलू द्यायचं नाही, एवढ्यासाठी डॉक्टर धातूचा आधार देतात. हाड साधारण तीनेक महिन्यांत जुळतं. धातू मात्र तिथेच राहतो.

मोठ्या माणसांमध्ये तो बरेचदा तसाच ठेवतात. पण लहान मुलांची हाडं वाढत असतात, तिथे तो काढावा लागतो. कधी प्लेट कातडीखाली टोचते, कधी जंतुसंसर्ग होतो. मग दुसरं ऑपरेशन. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा बिल. आणि रोजावर जाणाऱ्या माणसाचे पुन्हा बुडालेले दिवस. तीन महिन्यांच्या कामासाठी आपण जन्मभर टिकणारी वस्तू वापरतो, त्याची ही किंमत आहे.

मग काम झाल्यावर तो स्क्रू आपोआप विरघळून गेला तर? माझी पीएचडी याच भागात आहे. मॅग्नेशियमच्या गंजण्यावर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे गंज थांबवता का?" थांबवत नाही, लांबवते. आणि लांबवणं हे थांबवण्यापेक्षा अवघड का आहे, तेच आज सांगायचं आहे.

(शब्दाबद्दल एक खुलासा. काटेकोरपणे गंज फक्त लोखंडाला चढतो. बाकी धातूंसाठी 'क्षरण' हा शास्त्रीय शब्द आहे. मी दोन्ही वापरणार आहे. लॅबमध्येही आम्ही "सँपल गंजलं" असंच म्हणतो.)

मॅग्नेशियमच का?

शरीरात विरघळेल आणि विरघळताना विष ठरणार नाही, अशा तीन धातूंवर मुख्यतः काम चालतं: लोखंड, जस्त आणि मॅग्नेशियम. लोखंड ताकदवान आहे, पण शरीरात ते फारच सावकाश जातं. तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात. जस्ताचा वेग मधला आहे, पण शुद्ध जस्त मऊ. मॅग्नेशियम हलकं आहे आणि ताणाखाली वाकण्याच्या बाबतीत हाडाच्या सगळ्यांत जवळचं.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पदार्थ किती ताठ आहे ते गिगापास्कलमध्ये मोजतात. घट्ट हाडाचा आकडा १० ते ३०, मॅग्नेशियमचा सुमारे ४५, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास आणि स्टीलचा १९० ते २००. फार ताठ प्लेट लावली की भार तीच उचलते आणि हाडाला काम उरत नाही. काम न मिळालेलं हाड हळूहळू विरळ होतं.

शिवाय मॅग्नेशियम शरीराला परकं नाही. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांमध्येच. अन्नातून रोज ३०० ते ४०० मिलिग्रॅम लागतं. आता ३ मिलिमीटर जाडीचा आणि ३ सेंटिमीटर लांबीचा एक छोटा स्क्रू डोळ्यांसमोर आणा. मॅग्नेशियमची घनता १.७४, म्हणजे त्याचं वजन भरतं साधारण ३७० मिलिग्रॅम. अख्ख्या स्क्रूत एका दिवसाच्या आहाराइतकंच मॅग्नेशियम! तेव्हा ते शरीरात जाईल ही अडचणच नाही. अडचण आहे ती वेगाची.

हा वेग तुमच्या घरातही कामाला लावलेला आहे. टाकीवाल्या गिझरमध्ये बहुधा मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून ती आधी स्वतः गंजते. बोअरचं पाणी असलेल्या भागात मेकॅनिक गिझर उघडून "कांडी संपली, बदलावी लागेल" म्हणतो, तो याच धातूबद्दल बोलत असतो. लवकर गंजतं म्हणूनच जो धातू गिझरमध्ये बसवतात, तोच आम्ही हाडात बसवायला निघालो आहोत.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

ही कल्पना नवी नाही. एडवर्ड ह्यूस या अमेरिकी डॉक्टरने १८७८ मध्ये रक्तस्राव थांबवण्यासाठी रक्तवाहिन्या मॅग्नेशियमच्या तारेने बांधल्या होत्या. पुढे १९०६-०७ च्या सुमारास बेल्जियमचे शल्यविशारद अल्बें लांबोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची प्लेट बसवली. प्लेट मॅग्नेशियमची, पण तिला धरून ठेवणारे स्क्रू मात्र पोलादाचे. आठवडाभरात प्लेटचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठून ती जागा फुगली.

आज कारण सरळ दिसतं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून खारट पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरी बनते आणि जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो झपाट्याने झिजतो. पोलाद आणि मॅग्नेशियम या जोडीत झिजणार मॅग्नेशियमच. गिझरमध्ये हेच हवं असतं, पायात नको असतं. लांबोत यांनाही हे उमगलं होतं. त्यांचे सहकारी व्हरब्रुग यांनी १९३० च्या दशकात पोलादाची जोडी टाळून मॅग्नेशियम वापरून पाहिलं. पण तोवर न गंजणारं स्टील हाताशी आलं होतं आणि मॅग्नेशियम मागे पडलं, ते पुढची कित्येक दशकं.

शरीरात नेमकं काय घडतं

अभिक्रिया शाळेत शिकतो तितकी सोपी आहे:

मॅग्नेशियम + पाणी → मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड + हायड्रोजन वायू

हायड्रॉक्साइड म्हणजे धातूवर बसणारा पांढुरका थर. अल्कधर्मी पाण्यात तो धातूला बऱ्यापैकी वाचवतो. रक्ताचा पीएच मात्र ७.४ असतो आणि शरीर तो तिथेच राखतं, त्यामुळे थर विरघळत राहतो. त्यात रक्तात भरपूर क्लोराइड असतं, लिटरला सुमारे १०० मिलिमोल. क्लोराइड या थराचं सहज विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर करतं आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. कोकणात समुद्राकाठच्या घरांचे पत्रे का टिकत नाहीत हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा क्लोराइडचा त्रास वेगळा समजावून सांगायला नको.

आता हायड्रोजनचा हिशोब. १ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळलं की साधारण १ लिटर हायड्रोजन तयार होतो. आपल्या ३७० मिलिग्रॅमच्या स्क्रूतून जवळजवळ पावणेचारशे मिलिलिटर. हा वायू वर्षभरात सुटला तर रोजचा जेमतेम एक मिलिलिटर. रक्त तो सहज वाहून नेतं. तोच स्क्रू लांबोत यांच्या प्लेटसारखा आठ दिवसांत संपला तर रोजचे पंचेचाळीसहून अधिक मिलिलिटर. तेवढा वायू वाहून नेण्याची सोय ऊतींमध्ये नाही. मग तो साठतो, फुगा होतो, हाड आणि स्क्रू यांच्यात पोकळी पडते. स्क्रू तोच आणि वायूही तेवढाच, फरक फक्त किती दिवसांत सुटला याचा.

म्हणून आमच्या क्षेत्रातलं सगळं काम एका वेळापत्रकाभोवती फिरतं. पहिले बारा आठवडे, म्हणजे हाड जुळेपर्यंत, स्क्रूने ताकद राखायची. त्यानंतर हळूहळू भार हाडावर सोपवायचा. आणि वर्ष-दोन वर्षांत नाहीसं व्हायचं.

आधी सफाई, मग लेप

वेग कमी करायचा पहिला उपाय लेप नाही, शुद्धता आहे. अमेरिकेतल्या डाऊ केमिकलमध्ये हॅनावॉल्ट आणि सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोखंडाचं प्रमाण दहा लाखात सुमारे १७० भागांच्या पुढे गेलं की क्षरणाचा वेग एकदम उसळी घेतो. निकेलची मर्यादा तर त्याहून कितीतरी कमी, पाचेक भागांची. कारण तेच, बॅटरी. धातूच्या आत अडकलेला लोखंडाचा प्रत्येक कण म्हणजे लांबोत यांचा एक छोटासा पोलादी स्क्रू.

यातून एक गंमत होते. धातू कितीही शुद्ध घ्या, तो कापायचा, तासायचा तर अवजार पोलादाचंच असतं. त्याचे अंश पृष्ठभागावर चिकटतात. म्हणून सगळ्यांत पहिली प्रक्रिया असते ती आम्लात बुडवून वरचा मळकट थर खरवडून टाकायची. दिसायला काहीच भारी नाही, पण ही पायरी गाळली तर वरचा महागडा लेप घाणीवर रंग मारल्यासारखा बसतो.

दुसरा उपाय मिश्रधातूचा. कॅल्शियम, जस्त, इट्रियम किंवा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं थोड्या प्रमाणात मिसळतात. पण शरीरात जायचं असल्यामुळे हात बांधलेले असतात. विमानांसाठी सर्रास वापरलं जाणारं अ‍ॅल्युमिनियम इथे नकोसं वाटतं, कारण मज्जासंस्थेवरच्या त्याच्या परिणामांची शंका आहे. म्हणून मग पृष्ठभागाकडे वळायचं.

स्वतःचं कातडं अपुरं पडतं

स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही हवेत ऑक्साइड धरतं, पण ते असं झिजून जात नाही. मग मॅग्नेशियमला काय धाड भरली आहे? एक साधं गुणोत्तर बघूया: धातू जितकी जागा व्यापत होता त्याच्या किती पट जागा त्याचं ऑक्साइड व्यापतं? अ‍ॅल्युमिनियमसाठी उत्तर आहे १.२८. ऑक्साइड धातूपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून पृष्ठभाग नीट झाकला जातो. मॅग्नेशियमसाठी उत्तर आहे ०.८१. चादरच आखूड! कुठून तरी अंग उघडं राहणारच. तेव्हा चादर बाहेरून द्यावी लागते. त्याच्या चार मुख्य तऱ्हा सांगते.

पहिली, फ्लोराइडची. नमुना हायड्रोफ्लोरिक आम्लात काही तास ते दिवसभर ठेवला की वर मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक-दोन मायक्रॉनचा थर बसतो (आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या). थर पातळ पण दाट, पाण्यात फारसा न विरघळणारा. आम्ल मात्र भयंकर. कातडीतून आत शिरून ते शरीरातलं कॅल्शियम पकडतं, म्हणून हे काम चालतं तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवतात.

दुसरी, ठिणग्यांची. हिचं शास्त्रीय नाव प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशन. बघायला सगळ्यांत सुंदर प्रक्रिया हीच. सिलिकेट किंवा फॉस्फेट घातलेल्या अल्कधर्मी द्रावणात नमुना बुडवायचा, त्याला धन टोक जोडायचं आणि व्होल्टेज काहीशे व्होल्टपर्यंत चढवत न्यायचं. सुरुवातीला नुसते बुडबुडे येतात. मग एका टप्प्यावर धातूवर बसलेला पातळ थर विजेचा दाब सोसेनासा होतो आणि पृष्ठभागभर बारीक पांढऱ्या ठिणग्या नाचू लागतात. प्रत्येक ठिणगी क्षणाच्या काही हजाराव्या भागापुरती, पण तेवढ्यात तिथला धातू वितळतो, ऑक्साइड होतो आणि भोवतीच्या द्रावणामुळे लगेच गोठतो. असं लाखो वेळा झालं की सिरॅमिकसारखा कडक थर तयार होतो, साधारण दहा-वीस मायक्रॉनचा किंवा त्याहूनही जाड.

या थराचं मोठेपण असं की तो वरून चिकटवलेला नसतो. धातूतूनच उगवलेला असतो, त्यामुळे सहजी निघत नाही. दोषही त्याच्या जन्मातच आहे. प्रत्येक ठिणगी जाताना ज्वालामुखीच्या मुखासारखं एक छिद्र सोडून जाते. वेळ वाढवला की थर जाड होतो, ठिणग्या मोठ्या आणि नारिंगी होतात, आणि छिद्रंही मोठी होतात. खाली धातूलगत एक पातळ, दाट पट्टा असतो. खरं रक्षण तोच करतो. वरचा जाड भाग बराचसा स्पंजासारखा. म्हणून "वीस मायक्रॉनचा लेप" ऐकून हुरळून जायचं नाही. त्यातला दाट किती, हे विचारायचं.

तिसरी, कॅल्शियम फॉस्फेटची. हाडाचं खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, त्याच कुळातला लेप द्रावणातून किंवा विजेच्या मदतीने बसवतात. हाडाच्या पेशींना ही जमीन ओळखीची वाटते, त्या तिथे चांगल्या रुजतात. पण स्फटिक पापुद्र्यांसारखे वाढतात, मध्ये फटी राहतात, आणि लेप ठिसूळ असतो. गंज लांबवण्यापेक्षा हाड जवळ ओढण्यात हा जास्त पटाईत.

चौथी, पॉलिमरची. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या जातीचे पॉलिमर, उदाहरणार्थ पॉलिलॅक्टिक आम्ल, द्रावणात बुडवून किंवा फवारून लावतात. थर सलग बसतो, त्यात औषधही भरता येतं. पण पाणी हळूहळू आत झिरपतं, खाली हायड्रोजन तयार होतो, त्याला वाट मिळत नाही आणि लेप पुरीसारखा फुगतो. शिवाय पॉलिमर स्वतः मोडताना आम्ल सोडतो, आणि आम्ल म्हणजे मॅग्नेशियमला आमंत्रण.

प्रत्येकात काहीतरी उणं आहे, म्हणून हल्ली जोड्या लावतात. ठिणग्यांच्या थराची छिद्रं पॉलिमरने किंवा फॉस्फेटने बुजवायची. खडबडीत सिरॅमिकवर पॉलिमर घट्ट धरतो, आणि पॉलिमर गेला तरी खाली दाट पट्टा उरतो. सध्या मला सर्वांत भरवशाची वाट हीच वाटते.

सरासरी कुठे फसवते

आता मुद्द्याचं. क्षरणाचा वेग आम्ही मिलिमीटर प्रति वर्ष असा सांगतो. मोजायची एक पद्धत अगदी घरगुती वाटेल अशी आहे: नमुना ३७ अंशांच्या क्षारद्रावणात ठेवायचा, त्यावर उलटं नरसाळं आणि वर उलटी ब्युरेट. सुटलेला हायड्रोजन वर गोळा होतो, रोज आकडा वाचायचा. दर चौरस सेंटिमीटरमागे रोज एक मिलिलिटर वायू म्हणजे वर्षाला साधारण २.३ मिलिमीटर क्षरण. सोपं आणि स्वस्त.

पण हा आकडा संपूर्ण पृष्ठभागाची सरासरी आहे. ती काय लपवते ते आपल्याच स्क्रूवर बघा. समजा क्षरणाचा वेग वर्षाला ०.३ मिलिमीटर आहे. सगळीकडून सारखी झीज झाली, तर बारा आठवड्यांनी ३ मिलिमीटरची जाडी २.८६ होईल. कुठेही कापून बघा, ९१ टक्के धातू शाबूत. स्क्रू आपलं काम करत राहील.

आता तेवढीच झीज स्क्रूच्या लांबीच्या फक्त दहाव्या भागात झाली असं समजा. बाकी नऊ भागांवरचा लेप उत्तम, एका जागी तो फुटला. एकूण वजन तितकंच घटलं, हायड्रोजन तितकाच सुटला, अहवालात आकडा तोच आला: ०.३. पण त्या जागी आता जेमतेम १० टक्के धातू उरला आहे. हा स्क्रू मोडणार, आणि तो मोडेल तेव्हा हाड अजून जुळलेलं नसेल. म्हणजे ज्या दुसऱ्या ऑपरेशनपासून माणसाला वाचवायला निघालो, तेच त्याच्या वाट्याला येणार, तेही लवकर.

आणि लेप फुटतो कुठे? आटे जिथे टोकदार असतात तिथे, डोक्याखालच्या कोनात तिथे, पिळताना हाडावर घासला जातो तिथे. आमचे बहुतेक प्रयोग मात्र नाण्यासारख्या सपाट चकतीवर होतात, आणि तिच्या कडा आम्ही मुद्दाम रेझीनने झाकून टाकतो, कारण कडांमुळे निकाल बिघडतो. स्क्रू तर जवळजवळ सगळा कडांचाच बनलेला असतो!

पितळी भांड्याची कल्हई आठवा. ती पातळ होत जाते, पितळ दिसू लागतं, की कल्हईवाल्याकडे भांडं द्यायचं. हाडातल्या स्क्रूला ही सोय नाही. एकदाच लेप, पुन्हा हात लावणं नाही. म्हणून तो किती टिकला एवढंच विचारून भागत नाही. तो गेला कसा, हेही विचारावं लागतं. सगळीकडून सारखा झिरमिरत गेला तर स्क्रू शेवटपर्यंत स्क्रू राहतो. एका जागी टवका उडाला, तर जितका उरलेला लेप चांगला, तितका हल्ला त्या एका जागी एकवटतो.

याची उलट बाजूही आहे. लेप इतका उत्तम झाला की स्क्रू पाच वर्षं हललाच नाही, तर मग टायटॅनियमने काय वाईट केलं होतं? आमच्या शोधनिबंधांमध्ये "क्षरण इतक्या पटींनी कमी" हे वाक्य विजयासारखं लिहिलं जातं. मला त्यात थोडी गफलत वाटते. सगळ्यांत कमी आकडा देणारा लेप सगळ्यांत चांगला असेलच असं नाही. वेळेवर आणि सारखा जाणारा लेप चांगला. पण असा लेप मोजायला महिने लागतात, आणि कमी आकडा एका दुपारच्या विद्युत-रासायनिक चाचणीत मिळतो. कुठला जास्त छापला जात असेल, ते तुम्हीच ओळखा.

बरणीतलं शरीर आणि खरं शरीर

त्यात प्रयोगशाळेतलं द्रावण म्हणजे शरीर नव्हे. खऱ्या शरीरात प्रथिनं आहेत, वाहतं रक्त आहे, पेशी आहेत, हाडाचा दाब आहे. जर्मनीत फ्रांक विटे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दोन मिश्रधातू प्रमाणित क्षार-चाचणीत आणि गिनीपिगच्या मांडीच्या हाडात असे दोन्हीकडे तपासले. शरीरातला वेग चाचणीपेक्षा कितीतरी कमी निघालाच, पण क्रमही उलटा लागला. चाचणीत जो मिश्रधातू जास्त गंजत होता, तो हाडात कमी गंजला. नुसता वेग चुकला असता तर कुठल्यातरी आकड्याने गुणून-भागून घेता आलं असतं. क्रमच उलटला तर गुणायचं कशाने? तेव्हापासून द्रावणं सुधारली, शरीरासारखं बायकार्बोनेट आणि प्रथिनं घालून चाचण्या होऊ लागल्या, अंतर कमी झालं. मिटलेलं नाही.

मग आज कुठे आहोत?

हे सगळं वाचून निराश होऊ नका. विरघळणारे स्क्रू आज माणसांमध्ये आहेत. जर्मनीच्या सिंटेलिक्स कंपनीच्या मॅग्नेझिक्स स्क्रूला युरोपात २०१३ मध्ये मान्यता मिळाली. दक्षिण कोरियात मॅग्नेशियम-कॅल्शियम-जस्ताच्या स्क्रूला २०१५ मध्ये. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसणाऱ्या मॅग्मारिस या मॅग्नेशियमच्या स्टेंटला युरोपात २०१६ मध्ये. त्यावर औषध भरलेला पॉलिलॅक्टिक आम्लाचा लेप असतो, म्हणजे वरची चौथी तऱ्हा. फिनलंडच्या बायोरेटेक कंपनीच्या रेमिऑस स्क्रूला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मान्यता दिली.

हाडांसाठी त्यांचा वापर मुख्यतः छोट्या जागी होतो: पावलाचा अंगठा, मनगटाची आणि घोट्याची हाडं. पहिल्या काही महिन्यांच्या एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती कधी कधी काळसर वलय दिसतं. तो हायड्रोजनशी संबंधित बदल असतो, बरेचदा आपोआप भरून येतो, पण सवय नसलेल्या डॉक्टरला ते जंतुसंसर्गासारखं भासू शकतं. मांडीच्या हाडाला लागणारी, शरीराचा भार पेलणारी मोठी प्लेट मॅग्नेशियमची करणं अजून जमलेलं नाही. तिथे चूक परवडणारी नसते, आणि पृष्ठभागाचं काम खरं तिथेच लागणार आहे.

तोवर "शास्त्रज्ञांनी शोधला विरघळणारा स्क्रू" अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर तीन प्रश्न विचारा. एक, प्रयोग कशात केला: बरणीत, प्राण्यात की माणसात? दोन, सपाट चकतीवर केला की खऱ्या आट्यांच्या स्क्रूवर? तीन, नुसतं वजन किती घटलं ते सांगितलंय, की बारा आठवड्यांनी ताकद किती उरली तेही? तिसऱ्याचं उत्तर बातमीत सहसा नसतं. मूळ शोधनिबंधातही ते शोधावं लागतं, आणि कधी कधी तिथेही नसतं.

पुढच्या लेखात ठिणग्यांच्या थरातली छिद्रं सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसतात आणि ती मोजतात कशी, ते चित्रांसह दाखवेन. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा. घरात कुणाला प्लेट किंवा रॉड असेल आणि "ती काढावी का?" असा प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर मात्र तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडेच आहे, माझ्याकडे नाही.